वेबसाइट कंटेनरवर हलवताना प्रायोगिक सर्व्हरची चाचणी कशी घ्यायची

मराठी विकिपीडियावरचं एखादं पान काही वर्षांपूर्वी उघडलं, तर ते अमेरिकेतल्या डेटा सेंटरमधल्या एका ठरावीक यंत्रावर तयार होऊन यायचं. त्या यंत्राला क्रमांक होता, ते कुठल्या तरी रॅकमध्ये बसलेलं होतं आणि बिघडलं की कुणीतरी जाऊन दुरुस्त करायचं. आता तेच पान कुबरनेटीस या कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीने चालवलेल्या एका पॉडमध्ये, म्हणजे कंटेनरच्या छोट्या गटात, तयार होतं. (कंटेनर म्हणजे ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पुडकं.) तो पॉड सकाळी जन्माला आला असेल आणि संध्याकाळच्या डिप्लॉयमेंटला, म्हणजे नवा कोड चढवताना, जाईल. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने हा बदल टप्प्याटप्प्याने केला. आधी प्रायोगिक सर्व्हर, मग चाचणीसाठीची एक विकी, मग खऱ्या वाचकांची थोडी थोडी वर्दळ. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना यातलं काही जाणवलंही नाही.

तुमची साइट विकिपीडियाएवढी नसेल. पतसंस्थेचं पोर्टल असेल, दिवाळी अंकाचं दुकान असेल, जिल्ह्याच्या बातम्यांचं संकेतस्थळ असेल. पण टीमने सांगितलं की ‘नवीन कंटेनर सर्व्हर उभा आहे, जरा टेस्ट करून बघा’, तर काम तेच आहे. बहुतेक लोक इथे मुखपृष्ठ उघडतात, दोन लिंका दाबतात, लॉगिन करतात आणि ‘चालतंय’ म्हणून कळवतात. मुखपृष्ठ चालणारच. जुना सर्व्हर वर्षानुवर्षं कुणाला न सांगता जी कामं करत होता, ती नव्या ठिकाणी कोण करणार, हे शोधणं म्हणजे ही चाचणी.

उत्तर दिलं कुणी, हे आधी बघा

चाचणीचा निम्मा वेळ इथेच वाया जातो. तुम्हाला वाटतं नवा सर्व्हर तपासतोय, प्रत्यक्षात उत्तर येत असतं कॅशमधून, म्हणजे आधी बनवून साठवलेल्या प्रतीतून. भारतातून विकिपीडिया उघडणाऱ्याची विनंती साधारणपणे आधी सिंगापूरच्या कॅश सर्व्हरवर जाते. लॉगिन केलेलं नसेल आणि पान तिथे साठवलेलं असेल, तर मूळ सर्व्हरला पत्ताही लागत नाही. तुमच्या साइटपुढे सीडीएन (जागोजागी पसरलेल्या कॅश सर्व्हरांची सेवा) असेल तर तुमचीही हीच गत.

विकिमीडियाने यावर काढलेला तोडगा उचलण्यासारखा आहे. फायरफॉक्स आणि क्रोमसाठी त्यांचं ‘विकिमीडिया डीबग’ नावाचं एक्स्टेंशन आहे. ते चालू केलं की ब्राउझर प्रत्येक विनंतीला एक खास हेडर (विनंतीसोबत किंवा उत्तरासोबत जाणारी छोटी नोंद) जोडतो. तो दिसला की कॅश बाजूला होते आणि विनंती थेट तुम्ही यादीतून निवडलेल्या चाचणी सर्व्हरवर जाते. स्थलांतराच्या सुरुवातीला या यादीत जुन्या डीबग सर्व्हरांच्या जोडीला कुबरनेटीसचा एक ‘प्रायोगिक’ पर्याय आला. तो निवडून कुणीही स्वयंसेवक आपली रोजची कामं नव्या व्यवस्थेवर करून बघू शकत होता.

तुमच्याकडे असं एक्स्टेंशन नसलं तरी विनंत्या सर्व्हरांत वाटणाऱ्या लोड बॅलन्सरवर दोन ओळींचा नियम लिहून हेच साधता येतं: अमुक कुकी किंवा हेडर असेल तर विनंती नव्या सर्व्हरकडे, नाहीतर जुन्याकडे. ते जमत नसेल तर स्वतःच्या संगणकावरच्या होस्ट्स फाइलमध्ये साइटच्या नावापुढे नवा आयपी लिहा. ‘बीटा’ नावाचं वेगळं सबडोमेन काढणं मला पसंत नाही. डोमेन बदललं की कुकी बदलते, लॉगिननंतर परत येण्याचा पत्ता बदलतो, पेमेंट गेटवेला दिलेला दुवा जुळत नाही. मग सापडलेला दोष कंटेनरचा की सबडोमेनचा, यावर दोन दिवस वाद चालतो.

उत्तर देणाऱ्याचं नाव उत्तरातच लिहायला लावा. कुबरनेटीसमध्ये पॉडचं नाव हेच साधारणपणे त्याचं होस्टनेम असतं. ते एका रिस्पॉन्स हेडरमध्ये टाकणं ही डेव्हलपरसाठी पाच मिनिटांची गोष्ट आहे. मग एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबवर जा, पान रीफ्रेश करा, सगळ्यात वरच्या ओळीवर क्लिक करा आणि रिस्पॉन्स हेडर वाचा. विकिपीडियावर ‘सर्व्हर’ या हेडरमध्ये हे नाव दिसतं. जुन्या यंत्राचं नाव म्हणजे ‘एमडब्ल्यू’ आणि पुढे चार आकडे. नव्या पॉडचं नाव लांबलचक, शेवटी अर्थ नसलेल्या अक्षरांची शेपटी. डीबग पॉडच्या नावात तर चक्क ‘पिंकयुनिकॉर्न’ असायचं. चाचणी करणाऱ्याला चूक होऊ नये म्हणून इतकं ठळक नाव मला तरी आवडतं.

आता चार-पाच वेळा रीफ्रेश करा. पॉडचं नाव बदलतंय का? बदलत नसेल तर एकच पॉड चालू असेल, किंवा एका ग्राहकाला एकाच पॉडला चिकटवणारी सेटिंग असेल. दोन्ही बाबतीत टीमला सांगा की किमान दोन पॉड हवेत आणि चिकटवणं बंद हवं. एका पॉडवर सगळं ठीक दिसतं आणि दुसरा आला की दोष बाहेर पडतात, असे प्रकार पुढे बरेच येणार आहेत.

सर्व्हर प्रायोगिक, डेटा खरा

नव्या सर्व्हरला बहुतेक वेळा जुनाच डेटाबेस जोडलेला असतो. विकिमीडियाच्या डीबग सर्व्हरवरून केलेलं संपादन हे खरं संपादन असतं, ते अलीकडील बदलांत सगळ्यांना दिसतं. म्हणून तिथे प्रयोग करायचे ते आपल्या धूळपाटीवर. तुमच्या साइटवर धूळपाटी नसेल तर चाचणीची खाती, चाचणीची उत्पादनं आणि एक रुपयाची ऑर्डर आधी तयार करून घ्या. ‘सर्व सदस्यांना ईमेल पाठवा’ असलं बटण कुठे असेल तर ते आधीच बंद करून ठेवा.

यात एक आडवळण आहे. डेटाबेस सामायिक तशी कॅशही सामायिक असू शकते. विकीवरचा लेख एकदा एचटीएमएलमध्ये रूपांतरित झाला की तो साठवला जातो. तो साठा जुन्या सर्व्हरने केला असेल तर नवा सर्व्हर फक्त तो उचलून तुमच्यापुढे ठेवतो. लेख तुम्हाला अगदी व्यवस्थित दिसतो आणि नव्या सर्व्हरने त्यात काहीच केलेलं नसतं. म्हणून विकीवर ‘झलक’ बघावी किंवा पान पर्ज करावं, म्हणजे त्याची साठवलेली प्रत पुसावी. मग साचे, तक्ते, सूत्रं यांची जुळणी नव्याने होते. तुमच्या साइटवरही त्या पानाची कॅश पुसून मगच तपासा.

उलटंही घडतं, आणि ते जास्त महागात पडतं. नव्या सर्व्हरने चुकीचं पान बनवून सामायिक कॅशमध्ये ठेवलं, तर ते जुन्या सर्व्हरवरच्या सगळ्या वाचकांना दिसू लागतं. टीमला पहिल्याच दिवशी विचारा की कॅशची किल्ली (साठवलेली प्रत ज्या नावाने शोधली जाते ते नाव) नव्या सर्व्हरसाठी वेगळी आहे का. नसेल तर चाचणी कमी वर्दळीच्या वेळी करा.

पार्श्वभूमीला होणाऱ्या कामांबाबतही सावध राहा. नव्या सर्व्हरवर तुम्ही ‘पासवर्ड विसरलो’ दाबलं, ईमेल आलं आणि तुम्ही खूण केली. पण ते काम रांगेत पडून जुन्या सर्व्हरवरच्या वर्करने (रांगेतली कामं करणाऱ्या प्रोग्रॅमने) उरकलेलं असू शकतं. रांगेतली कामं कोण उचलतंय, हे लॉगमध्ये बघितल्याशिवाय ती खूण करू नका.

जुना सर्व्हर गुपचूप काय करत होता

जुना सर्व्हर हा पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या वाड्यासारखा असतो. कुठल्या फडताळात काय आहे ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं, पण गरज पडली की हाताशी सापडतं. कंटेनर इमेजमध्ये (ज्या साच्यावरून कंटेनर बनतो त्यात) मात्र जे लिहून घातलं तेवढंच असतं.

पहिली डिस्क. कंटेनरच्या आत लिहिलेली फाइल कंटेनर बदलला की जाते. प्रोफाइल फोटो अपलोड करा, पान दहा वेळा रीफ्रेश करा. फोटो कधी दिसतो, कधी नाही, असं झालं तर तो एकाच पॉडच्या पोटात पडलाय. मग टीमला पॉड नव्याने सुरू करायला सांगा आणि पुन्हा बघा. फोटो, बिलांच्या पीडीएफ, सीएसव्ही आयात, अर्धवट राहिलेले अपलोड, सगळ्यांना हीच परीक्षा. लॉगिनचंही तेच. पीएचपी या भाषेतलं सेशन (लॉगिनची नोंद) मूळ सेटिंगनुसार फाइलमध्ये साठतं. दोन पॉड आले की वापरकर्ता अधूनमधून आपोआप लॉगआउट होतो, आणि तो बिचारा आपलंच इंटरनेट खराब आहे असं समजतो. सेशन रेडिससारख्या सामायिक ठिकाणी गेलंय का, ते विचारा.

दुसरं घड्याळ. जुन्या सर्व्हरवर कुणीतरी कधीकाळी भारतीय प्रमाणवेळ लावलेली असते. कंटेनरच्या बहुतेक मूळ इमेज यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. फरक साडेपाच तासांचा, पण दुपारी तपासलं तर तारीख बरोबरच येते आणि वेळेकडे कुणाचं लक्ष जात नाही. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात तपासा. १ मे रोजी रात्री साडेबाराला टाकलेली बातमी ३० एप्रिलच्या खाली गेली, तर घड्याळ चुकलंय. आर्थिक वर्ष बदलताना पावतीवर ३१ मार्च पडला तर हिशेबनीस काय म्हणेल, ते वेगळं सांगायला नको.

तिसरी क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप होणारी, कामं. जुन्या सर्व्हरच्या क्रॉनटॅबमध्ये काय काय आहे त्याची यादी मागून घ्या आणि एकेक काम नव्याकडे कोण करणार ते विचारा. कुणीतरी क्रॉन सरळ कंटेनर इमेजमध्येच टाकून दिला असेल, तर तीन पॉड असताना रोजचं वार्तापत्र वाचकाला तीनदा जाईल.

चौथं ईमेल. पीएचपीचं मेल फंक्शन सर्व्हरवर बसवलेल्या सेंडमेल या ईमेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या भरवशावर असतं आणि सडपातळ इमेजमध्ये तो नसतो. अशा वेळी कोडने परतीचं उत्तर तपासलं नसेल, तर स्क्रीनवर ‘ईमेल पाठवला’ असंच येतं. स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, इनबॉक्स उघडा.

पाचवा वापरकर्त्याचा आयपी. नव्या रचनेत मधे एक-दोन प्रॉक्सी (विनंती पुढे पाठवणारे मधले सर्व्हर) वाढतात. सेटिंग चुकलं तर ॲपला प्रत्येक जण ‘दहा’ने सुरू होणाऱ्या एकाच अंतर्गत पत्त्यावरून आल्यासारखा दिसतो. मग एका खोडसाळाला ब्लॉक केलं की सगळं गाव ब्लॉक. ओटीपीवर ‘तासाला पाच’ अशी मर्यादा असेल तर सहाव्या माणसाला ओटीपीच येत नाही. तपासणी सोपी आहे: एकदा घरच्या वायफायवरून, एकदा मोबाइल डेटावरून लॉगिन करा आणि ॲडमिन पॅनेलमध्ये दोन वेगळे पत्ते नोंदले गेलेत का ते पाहा.

मराठी साइटसाठी जादा तपासण्या

बाहेरच्या चाचणीयाद्यांत हा भाग नसतो, म्हणून इथे थोडं थांबू.

ब्राउझरमधली मराठी अक्षरं वाचणाऱ्याच्या यंत्रावरच्या फॉन्टने उमटतात, तिथे सर्व्हरचा फारसा संबंध नाही. पण पीडीएफ पावती, प्रमाणपत्र, सोशल मीडियावर दिसणारं शीर्षकाचं चित्र, एसव्हीजी नकाशाची छोटी प्रतिमा या गोष्टी सर्व्हर बनवतो. इमेजमध्ये देवनागरी फॉन्ट घातला नसेल तर तिथे चौकोनांची रांग येते. चौकोन आले तर बरं, लगेच कळतं. फॉन्ट आहे पण अक्षरजुळणी करणारी लायब्ररी नाही, तेव्हा घोळ बारीक होतो: वेलांटी भलत्या बाजूला जाते, जोडाक्षर फुटून हलन्त दिसतो. चाचणीसाठी ‘मराठी’ हा शब्द घेऊ नका, त्यात एकही जोडाक्षर नाही. ‘किल्ल्यातील’, ‘वाङ्मय’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’, ‘ज्ञानेश्वर’ हे शब्द घ्या. ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’मधला आडवा र नीट आला की बाकीचंही बहुधा नीट येतं.

मग क्रमवारी. वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, युनिकोडच्या क्रमांकांत तो ल आणि व यांच्या आसपास बसतो. आडनावांच्या यादीत काशीद, कावळे, काळे अशी तीन नावं घाला. मराठी क्रमाने कावळे, काशीद, काळे असं यायला हवं. नव्या सर्व्हरवर काळे सगळ्यात वर गेले, तर भाषेच्या नियमांची लायब्ररी किंवा लोकॅल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) इमेजमध्ये आलेलं नाही. (जुन्यावरही काळे वरच असतील तर तो दोष आधीपासूनचा, तो कंटेनरच्या माथी मारू नका.) पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेटा डेबियन या लिनक्सवरून अल्पाइन या दुसऱ्या लिनक्सच्या इमेजवर उचलून नेत असतील तर हा मुद्दा दिसण्यापुरता राहत नाही. दोन्हींची मूळ सी लायब्ररी वेगळी आहे, क्रमवारीचे नियम बदलतात आणि जुन्या इंडेक्समधून (नोंदी शोधायच्या सूचीतून) नोंदी सापडेनाशा होऊ शकतात. इंडेक्स नव्याने बांधायला लावा.

फाइलचं नाव मराठीत ठेवून अपलोड करा. लोकॅल नुसतं ‘सी’ असेल तर पीएचपीचं, शेलला (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) द्यायचा मजकूर सुरक्षित करणारं फंक्शन इंग्रजीबाहेरची अक्षरं गाळून टाकू शकतं. ‘रायगड२.जेपीजी’ आत जाते आणि चित्र लहान करणाऱ्या आज्ञेला भलतंच नाव मिळतं. लोकॅल यूटीएफ-८ चं लावलं की प्रश्न मिटतो.

पत्त्यांचंही बघा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा एकेक वर्ण ३ बाइट घेतो आणि यूआरएलमध्ये तो टक्केचिन्हांसकट ९ अक्षरांचा होतो. ‘महाराष्ट्र’ एवढ्या एका शब्दाचा पत्ता ९० अक्षरांचा भरतो. नव्या प्रॉक्सीची मर्यादा कमी असेल, किंवा ती पत्ता एकदा उलगडून पुन्हा गुंडाळत असेल, तर लांब मथळ्यांची पानं तेवढी मोडतात. तुमच्या साइटवरचा सर्वात लांब मथळा शोधा. शिवाय प्रश्नचिन्ह, तिरकी रेघ आणि ‘&’ असलेले मथळे उघडून पाहा.

लॉगचीही हीच अडचण. पीएचपी चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएममध्ये लॉगची एक ओळ मूळ सेटिंगनुसार १०२४ बाइटांवर तुटते. इंग्रजीला ते हजारभर अक्षरं पुरतं, देवनागरीला साधारण ३४१ वर्ण. त्रुटीचा कामाचा भाग शेवटी असतो आणि नेमका तोच कापला जातो.

मर्यादा आणि भार

कंटेनरपुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची मूळ अपलोड मर्यादा १ एमबी आहे. आजच्या मोबाइलचा एक फोटोही त्यात मावत नाही. ५ एमबीचा फोटो टाका, ४१३ क्रमांकाची त्रुटी आली तर कारण हे. मोठा अहवाल काढताना ६० सेकंदांनी ५०४ (वेळ संपल्याची त्रुटी) आलं, तर तीही मूळ मर्यादाच.

पॉडने त्याला नेमून दिलेल्या मेमरीपेक्षा जास्त मागितली की त्याला मारलं जातं आणि नोंदीत १३७ हा आकडा उरतो. वापरकर्त्याला फक्त ‘पान उघडलं नाही’ एवढंच दिसतं, दुसऱ्या खेपेला ते उघडतंही. म्हणून भारचाचणीनंतर पॉड किती वेळा नव्याने सुरू झाले तो आकडा मागा, नुसता ‘सगळं हिरवं आहे’ असा निरोप नको.

वेगाची तुलना करताना सरासरी बघू नका. सीपीयूची मर्यादा १०० मिलिसेकंदांच्या खिडकीने मोजली जाते. अर्धा कोअर दिला असेल तर ५० मिलिसेकंद काम झालं की उरलेला वेळ पॉड हात बांधून बसतो. सरासरीत हे लपतं, सर्वात संथ पाच टक्के विनंत्यांत उघडं पडतं. आणि नुकत्याच सुरू झालेल्या पॉडवर पहिली काही पानं संथच येणार, तेव्हा स्टॉपवॉच लावण्याआधी त्याला थोडा गरम होऊ द्या. डीबगसाठी ठेवलेल्या छोट्या पॉडचा वेग तर मोजूच नका.

मुद्दाम मोडून बघा

मोठी फाइल अपलोड होत असताना तो पॉड काढून टाकायला सांगा. कुबरनेटीस आधी ‘आवरतं घे’ असा संकेत देतो, मूळ सेटिंगनुसार ३० सेकंद थांबतो आणि मग सरळ मारतो. ॲपने तो संकेत ऐकून हातातलं काम पुरं केलं का? की पैसे कापले गेले आणि ऑर्डर नोंदलीच नाही? एरवी सुरळीत चाललेली साइट दर डिप्लॉयमेंटला दोन-चार ग्राहकांना रडवत असेल, तर दोष बहुधा इथे असतो.

डेटाबेस मिनिटभर बंद करायला लावा. जिवंतपणाची तपासणी (पॉड चालू आहे का, हे कुबरनेटीस वरचेवर पाहतो ती) डेटाबेसशी बांधलेली असेल तर सगळे पॉड एकदम मारले जातील आणि एकदम उठतील. मिनिटाची अडचण पाव तासाची होईल. डेटाबेस नाही म्हणून नवी वर्दळ थांबवणं एकवेळ ठीक, पॉड मारून काय मिळणार?

दोष कळवताना

‘नव्या सर्व्हरवर फोटो दिसत नाही’ एवढ्या वाक्यातून कुणालाही काही करता येत नाही. पॉड तासाभरात जाऊ शकतो, म्हणून नोंद तिथल्या तिथे करा. मला चालणारी नोंद अशी असते: ‘रात्री ११:४२, भारतीय वेळ. पॉडचं नाव अमुक, विनंतीचा क्रमांक तमुक. खातं: चाचणी-३. सदस्य पानावर २ एमबीचा फोटो टाकला, दिसला. पाचव्या रीफ्रेशला गायब, पॉडचं नाव वेगळं. जुन्या सर्व्हरवर हेच केलं, फोटो टिकला.’ शेवटचं वाक्य विसरू नका. जुन्या सर्व्हरवर तेच करून बघितलेलं नसेल तर ती तक्रार अर्धी. विनंतीचा क्रमांक मिळाला की डेव्हलपर लॉगमध्ये थेट तिथे पोचतो. विकिपीडियावर मोठी त्रुटी आली की पडद्यावर कंसात जी आकड्या-अक्षरांची माळ दिसते, ती हीच.

टक्क्यांनी वाढवा, परतीची वाट तपासा

हाताने केलेली चाचणी पार पडली की खऱ्या वाचकांचा एक टक्का नव्याकडे वळवा. एक दिवस नाही, पूर्ण आठवडा ठेवा, कारण सोमवारची वर्दळ आणि रविवारची वर्दळ सारखी नसते. पाचशेच्या घरातल्या क्रमांकांच्या (म्हणजे सर्व्हरच्या) त्रुटींचं प्रमाण जुन्या आणि नव्या बाजूला शेजारी शेजारी लावून बघा. वाढवताना मधे एकदा, सगळं ठीक चाललेलं असताना, मुद्दाम शून्यावर परत या. त्या वेळी लॉगिन केलेले लोक बाहेर फेकले गेले, किंवा नव्याने टाकलेले फोटो जुन्या सर्व्हरला सापडले नाहीत, तर जुनी यंत्रं बंद करण्याची तारीख पुढे ढकलायला सांगा.